चौदाशे फोन एकदम उठतात तेव्हा: एका टेलिफोन सर्व्हरच्या खरेदीचं प्रकरण

चाकण आणि रांजणगावला कारखाने, पुण्यात मुख्य कार्यालय आणि साताऱ्याला एक छोटं युनिट, असा वाहनांचे सुटे भाग बनवणारा हा उद्योगसमूह. त्यांचं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे कंपनीतलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं, मग त्याची कार्डं बाजारात मिळेनाशी झाली. एक कार्ड गेलं की भंगारवाल्याकडून जुनं आणून बसवायचं, असे काही पावसाळे काढल्यावर व्यवस्थापनाने आयपी फोनवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर, जायचं ठरवलं. एक्स्टेन्शन चौदाशे, कॉल जोडून देणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क. सॉफ्टवेअरवर फारशी चर्चा झालीच नाही. घोडं अडलं ते सर्व्हरवर.

पुरवठादाराने दिलेलं कोटेशन असं होतं: दोन प्रोसेसर मिळून ३२ कोअर, प्रत्येक २.१ गिगाहर्ट्झचा. २५६ जीबी रॅम. चार पोर्टचं पीआरआय कार्ड, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाइन सर्व्हरला जोडणारं; आवाज एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारं एक ट्रान्सकोडिंग कार्ड; आणि रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकेल अशा जोडणीत, लावलेल्या ८ टीबीच्या चार फिरत्या साटा डिस्क. असा एक सर्व्हर. एकच. पर्चेसने आकडा बघून फाइल आय.टी.कडे परत पाठवली आणि आय.टी.ने ती सल्ल्यासाठी आमच्यापुढे ठेवली. प्रश्न एका ओळीचा होता: एवढं खरंच लागतं का?

१९९९ साली मार्क स्पेन्सरने अ‍ॅस्टरिस्क लिहायला घेतलं ते तयार टेलिफोन एक्स्चेंज परवडत नव्हतं म्हणून. त्या सॉफ्टवेअरसाठी एवढं अवजड यंत्र मागितलं जात असेल, तर मागणी कुठून आली ते आधी बघायला हवं होतं.

ती आली होती डेमोमधून. पुरवठादाराने एका साध्या सर्व्हरवर प्रणाली बसवून कृत्रिम कॉल सोडले होते आणि शंभर-सव्वाशे कॉल झाल्यावर नवीन कॉल लागेनात. निष्कर्ष निघाला की सर्व्हर कमी पडतो. मग दुप्पट नको, चौपट घ्या, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. त्या डेमोचे लॉग सुदैवाने पुसले गेले नव्हते. ते उघडले तेव्हा त्यात एकच तक्रार शेकडो वेळा छापलेली दिसली: उघड्या फाइलींची मर्यादा संपली. त्याच वेळचा प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्याही खाली होता.

लिनक्समध्ये एका प्रोसेसला एका वेळी किती फाइली आणि सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलायच्या खिडक्या, उघडता येतील यावर मर्यादा असते, आणि ती मुद्दाम वाढवली नाही तर बहुतेक ठिकाणी १०२४ असते. सर्व्हरमधून जाणाऱ्या एका कॉलचे दोन पाय: एक बोलणाऱ्याचा, एक ऐकणाऱ्याचा. प्रत्येक पायाला आवाजासाठी एक सॉकेट आणि त्याच्या हिशेबासाठी, म्हणजे आरटीसीपीसाठी, दुसरं. झाले चार. त्यावर प्रत्येक चॅनेलची स्वतःची अंतर्गत हँडल्स वेगळी, रेकॉर्डिंग चालू असेल तर त्याची फाइल वेगळी. म्हणजे हजाराचा आकडा शंभर-सव्वाशे कॉलच्या आसपास संपणारच. ३२ कोअरचं यंत्र आणलं असतं तरी ते नेमकं तिथेच अडकलं असतं. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून तोच डेमो पुन्हा चालवला, तेव्हा त्याच साध्या सर्व्हरने अडीचशे कॉल घेतले आणि प्रोसेसर तरीही निवांत होता.

इथे एक गोष्ट पुरवठादाराच्या बाजूने सांगायला हवी. या धंद्यात जास्त मोठा सर्व्हर दिला म्हणून कोणी शिव्या देत नाही, आणि छोटा दिला तर मात्र पहिली शिवी त्यालाच बसते. त्यामुळे कोटेशन फुगणं हा लबाडीचा भाग असतोच असं नाही. भीतीचा असतो.

आता मोजमाप. चौदाशे एक्स्टेन्शन म्हणजे चौदाशे कॉल, हा समज अजूनही भेटतो. सगळे फोन एकाच क्षणी एकमेकांशी बोलू लागले तरी सातशेच कॉल होतील, आणि तसं कधी होत नाही. जुन्या एक्स्चेंजच्या एसएमडीआर पोर्टवरून बाहेरच्या कॉलच्या नोंदी एका संगणकात साठत होत्या, त्या आम्ही घेतल्या. सर्वांत गर्दीचा तास सकाळी अकरा ते बारा. त्या तासात बाहेरचे साधारण अकराशे कॉल, सरासरी तीन मिनिटांचे. अकराशे गुणिले तीन भागिले साठ, म्हणजे ५५ अर्लांग: एका वेळी सरासरी ५५ कॉल चालू. ज्याच्या नावाने हे एकक आहे तो अ‍ॅग्नर अर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होता. त्याने १९१७ साली मांडलेलं सूत्र आजही जसंच्या तसं चालतं: शंभरात एका कॉलला लाइन मिळाली नाही तर चालेल असं धरलं, तर ५५ अर्लांगला सुमारे ७० चॅनेल पुरतात. कंपनीकडे चार पीआरआय होत्या, प्रत्येकीत ३० चॅनेल, म्हणजे १२०. जवळजवळ पन्नास चॅनेलचं भाडं दर महिन्याला फुकट जात होतं. सर्व्हरचा प्रश्न घेऊन गेलो आणि पहिली बचत टेलिफोनच्या बिलात सापडली.

अंतर्गत कॉलच्या नोंदी जुनं एक्स्चेंज ठेवत नव्हतं, म्हणून तेही तेवढेच धरले. एकूण ११० अर्लांग. वाढ, सणासुदीच्या आधीची घाई, एखाद्या ग्राहकाने माल परत पाठवल्यावर उडणारी धांदल, हे सगळं जमेस धरून रचना एका वेळच्या २५० कॉलसाठी करायची ठरली.

जी.७११ या साध्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत, आवाजाचा दर सेकंदाला ६४ किलोबिट. दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाजाचं एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. आरटीपी, यूडीपी, आयपी आणि इथरनेटची वेष्टनं धरली की एका दिशेला ८७ किलोबिट. २५० कॉल, प्रत्येकाचे दोन पाय: आत येणारा प्रवाह साधारण ४४ मेगाबिट, बाहेर जाणारा तेवढाच. गिगाबिट पोर्टला हे काहीच नाही. पण पॅकेट मोजली तर सेकंदाला २५ हजार आत आणि २५ हजार बाहेर, आणि प्रत्येक दोनशे बाइटांच्या आसपासचं. फाइल सर्व्हर आणि टेलिफोन सर्व्हर यांच्यात खरा फरक इथे आहे. इथे माल थोडा आणि खेपा फार, शिवाय प्रत्येक खेप वेळेवर पोचायला हवी. म्हणून कमी कोअर पण प्रत्येक कोअर वेगवान, आणि चांगल्या चिपचं नेटवर्क कार्ड, ही निवड बरी. आजकालच्या आठ कोअरच्या, तीन गिगाहर्ट्झच्या वरच्या एका प्रोसेसरला हे काम सहज झेपतं. बायॉसमध्ये वीज वाचवणारी सेटिंग असतात, ती मात्र बंद करायची. प्रोसेसर क्षणाक्षणाला डुलकी काढून जागा होत राहिला तर आवाजात बारीक खरखर येते आणि ती शोधता शोधता आठवडे जातात.

ट्रान्सकोडिंग कार्ड कोटेशनमध्ये आलं होतं ते साताऱ्यासाठी. तिथली लिंक १० मेगाबिटची, म्हणून तिकडचे कॉल जी.७२९ मध्ये दाबून पाठवायचे असा विचार. दाबल्यावर एक कॉल आयपी पातळीवर ८० ऐवजी २४ किलोबिट घेतो, हे खरं. पण साताऱ्याला एका वेळी फार तर चाळीस कॉल. चाळीस गुणिले ८०, म्हणजे ३.२ मेगाबिट. लिंकमध्ये आवाजाला प्राधान्य लावलं की काम झालं. जी.७२९ चे पेटंट २०१७ मध्ये संपले, त्यामुळे परवान्याचा खर्च आता उरला नाही, पण दाबण्या-उलगडण्याचं काम प्रोसेसरला करावंच लागतं. जिथे गरज नाही तिथे ते ओढवून कशाला घ्यायचं? कार्ड यादीतून गेलं.

पीआरआय कार्डाचा निर्णय जास्त महत्त्वाचा होता. ते सर्व्हरच्या पोटात बसवलं की लाइन त्या डब्याशी बांधली जाते. डबा गेला की लाइन गेली, मग बाजूला दुसरा सर्व्हर तयार उभा असला तरी तारा काढून त्यात खोचायला माणूस लागणार, आणि रात्रपाळीला तो माणूस म्हणजे सिक्युरिटी. शिवाय अशी कार्डं सेकंदाला हजार वेळा प्रोसेसरचं लक्ष मागतात. म्हणून मुख्य वाहतूक ऑपरेटरकडून एसआयपी ट्रंकवर, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या फोन लाइनवर, घेतली, आणि दोन पीआरआय ठेवून त्या एका वेगळ्या गेटवेवर उतरवल्या. गेटवे आत एसआयपी, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडण्याची भाषा, बोलतो, त्यामुळे कोणता सर्व्हर जिवंत आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आय.टी. विभागाचा एक आग्रह होता: नवा डबा नकोच, आपल्या व्हर्च्युअल मशीनच्या क्लस्टरवर, म्हणजे अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या यंत्रांच्या गटावर, टाकू. तांत्रिकदृष्ट्या हे चालतं, प्रोसेसरचा वाटा राखून ठेवला तर छान चालतं. आमचा विरोध दोन कारणांनी होता. एक म्हणजे रात्री बॅकअपसाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेताना ते मशीन क्षणभर थबकतं, आणि कारखान्यात रात्री दोनलाही लोक बोलत असतात. दुसरं कारण मोठं. कारखान्यात काही बिनसलं की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फोन उचलतात. त्या क्षणी फोन चालू व्हायला आधी स्टोरेज, मग आभासी मशीन चालवणारं हायपरवायझर, मग नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस अशी रांग लागत असेल, तर ज्याने सगळ्यांना उठवायचं तोच शेवटी उठणार. फोनचे सर्व्हर वेगळे, स्वतःच्या पायावर उभे राहणारे हवेत, यावर अखेर सगळ्यांचं एकमत झालं. अगदी खुषीने नाही.

आता मूळ मुद्दा. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, आणि विजेची देखभालीची कामंही त्याच दिवशी निघतात. गुरुवारी शेडच्या शेड बंद होतात आणि शुक्रवारी पहिल्या पाळीच्या आधी इलेक्ट्रिशियन एकेक मेन वर करत जातो. आयपी फोनला वीज नेटवर्क स्विचमधून मिळते. स्विच चालू झाला की त्याच्यावरचे सगळे फोन एकदम उठतात. म्हणजे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शेकडो फोन दोन-चार मिनिटांत एकाच सर्व्हरच्या दारात उभे राहणार. वीज अवचित जाऊन आली तर सगळे चौदाशे. या सर्व्हरचा खरा कस गर्दीच्या तासातल्या अडीचशे कॉलमध्ये लागत नाही, तो इथे लागतो. आणि पहिल्या कोटेशनमध्ये नेमका याचाच विचार नव्हता.

उठलेला फोन काय करतो ते बघा. आयपी पत्ता मागतो, आपली सेटिंग उतरवून घेतो, मग सर्व्हरकडे नोंदणी करायला जातो. सर्व्हर पहिल्यांदा नाकारतो आणि पासवर्डचं कोडं घालतो, फोन ते सोडवून पुन्हा येतो. म्हणजे एका फोनमागे किमान दोन विनंत्या. याच्यावर बीएलएफची बटणं. या कंपनीत रिसेप्शन, साहेबांचे सेक्रेटरी, शिफ्ट सुपरवायझर अशा नव्वद फोनांवर प्रत्येकी चोवीस दिवे होते, कोणाचा फोन व्यस्त आहे ते दाखवणारे. झाल्या २,१६० सबस्क्रिप्शन, म्हणजे ‘या फोनची स्थिती मला कळव’ अशा मागण्या. ज्याच्यावर दिवा ठेवलाय तो फोन जिवंत झाला की प्रत्येक पाहणाऱ्याला सर्व्हरने कळवायचं.

आणि या सगळ्या नोंदी आम्हाला डेटाबेसमध्ये, डिस्कवर हव्या होत्या, कारण एक सर्व्हर गेला तर दुसऱ्याला कोण कुठे आहे ते तयार मिळायला हवं. चौदाशे नोंदण्या अधिक २,१६० सबस्क्रिप्शन, साडेतीन हजारांच्या वर छोटी छोटी लिखाणं. आता कोटेशनमधल्या डिस्क बघा. ७,२०० फेऱ्यांची साटा डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभर विखुरलेली कामं करते. रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणासाठी दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं. म्हणजे चार डिस्क मिळूनही सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर लिखाणं, कारण त्या रेड कार्डावर लिखाण तात्पुरतं धरून ठेवणारा बॅटरीवाला कॅशही नव्हता. साडेतीन हजार भागिले शंभर, म्हणजे पस्तीस सेकंद. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा सांगायला पुरेसा.

पस्तीस सेकंद थांबायला कोणाची हरकत नसते. पण फोन थांबत नाही. २००२ सालच्या एसआयपी मानकाप्रमाणे यूडीपीवरच्या, म्हणजे पोच न मागता पाठवलेल्या, विनंतीला अर्ध्या सेकंदात उत्तर आलं नाही तर फोन ती पुन्हा पाठवतो. मग एका सेकंदाने, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. बत्तीस सेकंदांत एकूण अकरा वेळा, आणि मग नाद सोडून थोड्या वेळाने पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे सर्व्हर जितका मागे पडेल तितकं त्याच्यावरचं काम वाढतं. एसटी स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीच्या दाराशी होतं तसं: आत शिरायला लागणारा वेळ गर्दीनेच वाढतो.

हे कागदावर न ठेवता करून बघायचं होतं. सिप-पी हे कॉल आणि नोंदण्या कृत्रिमपणे सोडणारं मोफत साधन आहे. ते एका वेगळ्या मशीनवर चालवून चौदाशे नोंदण्या आणि सबस्क्रिप्शन एकदम सोडल्या. साटा डिस्कच्या रेड ५ वर सगळे जागेवर यायला कित्येक मिनिटं लागली, आणि त्यातला बराच वेळ पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच विनंत्या परतवण्यात गेला. त्याच सर्व्हरला दोन एंटरप्राइझ एसएसडी लावल्या, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत काम आटोपलं. प्रोसेसर दोन्ही वेळा तोच, रॅम तीच. बैठकीत ही दोन ग्राफ शेजारी शेजारी ठेवली आणि ३२ कोअरची चर्चा तिथेच संपली.

एसएसडी घेताना एक गोष्ट यादीत अधोरेखित करून घातली: वीज जाताना हातातलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असलेल्याच हव्यात. दुकानातून आणलेल्या साध्या एसएसडी इथे चालत नाहीत. लिहिलं म्हणून सांगतात आणि वीज गेली की विसरतात, किंवा खरोखर लिहायला लागल्या की मंदावतात.

विजेच्या बाजूने फुकटात होणारी एक सुधारणाही निघाली. इलेक्ट्रिशियनच्या शुक्रवारच्या यादीत नेटवर्कच्या कपाटांचा क्रम घातला: सर्व्हर रूमची आणि मुख्य स्विचची वीज आधी, मग गेट आणि फर्स्ट एड, मग एकेक शेड, दोन शेडमध्ये मिनिटभराचं अंतर. त्याने विचारलं, "साहेब, फोनसाठी मी लाइट थांबवून ठेवू?" मग मशीनचे फीडर वेगळे आणि कपाटांचे वेगळे आहेत हे त्यानेच दाखवलं आणि प्रश्न मिटला.

शेवटी जे घेतलं ते असं. एकसारखे दोन सर्व्हर, १यू उंचीचे, प्रत्येकी एक आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, मिरर केलेल्या (दोन्हींवर तीच माहिती असलेल्या) ९६० जीबीच्या दोन एसएसडी, दोन पॉवर सप्लाय, आणि दुरून चालू-बंद करता येईल असा मॅनेजमेंट पोर्ट. दोन्ही पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर. एक सर्व्हर मुख्य इमारतीत, दुसरा त्याच आवारातल्या टूलरूमशेजारच्या खोलीत, मध्ये फायबर. टूलरूमच्या बाजूला धातूचा बारीक भुगा उडतो, म्हणून तिथे बंद कपाट आणि फिल्टर लागलं. हा खर्च कोणाच्याच कोटेशनमध्ये नव्हता. एक सर्व्हर पडला तर काही सेकंदांत दुसरा तोच आयपी पत्ता घेतो. चालू असलेले कॉल तुटतात, लोक पुन्हा लावतात. चालू कॉलही वाचवता येतात, पण त्यासाठी वाढणारी गुंतागुंत सांभाळणारा माणूस या कंपनीकडे नव्हता, आणि तो नसताना ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत होतं.

रेकॉर्डिंगला वेगळं नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी. डीलर मदत कक्षातल्या चाळीस लोकांचं रोजचं मिळून साधारण २०० तासांचं बोलणं. साध्या वेव्ह फाइलचा तासाला ५८ एमबी जातो, म्हणजे दिवसाला साडेअकरा जीबी आणि तीनशे दिवसांचे साडेतीन टीबी. रात्री जीएसएम या कोडेकमध्ये दाबल्यावर ते दहाव्या भागावर येतं. पहिल्या कोटेशनमधल्या त्या प्रचंड डिस्क याच्यासाठी होत्या, पण साठवण आणि नोंदणी यांना एकाच डिस्कवर बसवण्यात अर्थ नव्हता. दिवसा रेकॉर्डिंग सर्व्हरच्या एसएसडीवर, रात्री नॅसवर. एका वेळी साठ रेकॉर्डिंग चालू असली तरी लिखाण सेकंदाला एक मेगाबाइटच्या आतच.

दोन सर्व्हर, नॅस, गेटवे आणि ते भुग्याचं कपाट मिळूनही रक्कम पहिल्या कोटेशनच्या खाली राहिली. उरलेल्या पैशांतला काही भाग एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, घालावा असा पर्चेसचा विचार होता: पुढच्या कामकाजाच्या दिवशी सुटा भाग मिळेल असा करार. तो करार वाचताना लक्षात आलं की पुरवठादाराची सुट्टी रविवारी आणि कारखान्याची गुरुवारी. शनिवारी संध्याकाळी पॉवर सप्लाय गेला तर तक्रार सोमवारी धरली जाणार आणि भाग मंगळवारी येणार. त्यापेक्षा एक पॉवर सप्लाय आणि दोन एसएसडी कंपनीच्याच स्टोअरमध्ये ठेवल्या, बिन कार्ड करून, दर सहा महिन्यांनी तपासायच्या अटीवर. स्टोअरकीपरने त्या बेअरिंगच्या रॅकवर नको म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवल्या आहेत.